गवती चहाची हाक

"भोंग्या, खाली उतर! लिंबाखालची पेटीसुद्धा गेली!"

पेरूच्या झाडावर चढून बसलेला भोंगा एवढ्या घाईने घसरत खाली आला, की शर्टाचा खिसा वरच्या फांदीलाच लटकत राहिला.

"गेली म्हणजे? चोरीला?"

"पेटी आहे रे जागच्या जागी! माश्या गेल्या. सगळ्या!" ताई धापा टाकत म्हणाली. "हुंगी तिथेच बसलीय तोंड पाडून. आणि तू जरा हळू बोल. मावशीला ऐकू जाईल."

"मी हळूच बोलतोय!" भोंगा ओरडला, आणि शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली.

ताई आणि भोंगा ही सख्खी भावंडं. परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की दोघं बसने मावशीकडे यायची आणि शाळा उघडेपर्यंत तिथेच ठाण मांडायची. मावशीचं घर गल्ली संपते तिथे होतं. पुढे व्हरांडा, मागे फळबाग आणि बागेत झाडाझाडाखाली मधमाश्यांच्या लाकडी पेट्या. मावशी मध विकायची. ताई आता मोठी झाली आहे, नोकरी करते, मोठी सुट्टी कशी असते ते विसरत चालली आहे. पण डोळे मिटले की तिला अजून ती बाग ऐकू येते. हो, दिसायच्या आधी ऐकू येते! कुणीतरी ओठ मिटून, एकच सूर धरून दिवसभर गुणगुणत असावं तशी.

त्या वर्षी मात्र ती बाग हळूहळू मुकी होत चालली होती.

लिंबाखाली हुंगी गुडघ्यात मान घालून बसली होती. ही मावशीची मुलगी, ताईपेक्षा लहान आणि भोंग्याच्या बरोबरीची. दिसेल ती वस्तू आधी नाकाला लावायची सवय, म्हणून हुंगी. दारातली ओली छत्री हुंगून घरात कोण पाहुणे आलेत ते ती सांगायची आणि ते बरोबर निघायचं!

"आत एकही मेलेली माशी नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मधही तसाच आहे. भरलं घर सोडून कोण जातं गं, ताई?"

तिघं व्हरांड्यात आली.

मावशी तिथे आरामखुर्चीत बसली होती. सुट्टी लागायच्या आधीच ती शिडीवरून पडली होती आणि तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. त्यामुळे पेट्यांचं सगळं काम मामाकडे आलं होतं. मामा मावशीचा थोरला भाऊ. सगळा जन्म बोटीवर इंजिनियर म्हणून काढून त्याच वर्षी निवृत्त झालेला आणि बहिणीकडे राहायला आलेला. उंचापुरा, मिशाळ, हसला की खुर्ची हलायची. त्याच्या वादळांच्या गोष्टी ऐकताना मुलं जेवण विसरायची.

"चेहरे सांगतायत," मावशी म्हणाली. "कुठली गेली?"

"लिंबाखालची," हुंगी पुटपुटली.

"चोर!" मामाने मांडीवर थाप मारली. "मी सांगतो, कुणीतरी माश्यांना फूस लावून नेतंय. बोटीवर असता तर मी त्याला साखळदंडाने बांधला असता!"

"चोर कसला, दादा. काहीतरी रोग असेल. औषध घातलंस ना रे वेळेवर?"

"हो हो! तू सांगितलंस तस्सं!"

मावशीने बागेकडे मान वळवली. मग तिने ज्या आवाजात ते वाक्य उच्चारलं, तो आवाज मुलांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"पाय बरा झाला की उरलेल्या पेट्या कुणाला तरी देऊन टाकते. बाबांची तेवढी राहावी असं वाटतं. पण तीही राहील असं दिसत नाही."

बाबांची पेटी म्हणजे विहिरीजवळची, सगळ्यात जुनी. मावशी आणि मामा लहान असताना त्यांच्या वडिलांनी एका वठलेल्या झाडाच्या ढोलीतून हे मोहोळ आणलं होतं. तेव्हापासून राण्या बदलल्या, माश्यांच्या कितीतरी पिढ्या आल्या नि गेल्या, पण घराणं तेच. मावशीचे बाबा गेले, त्यांचा आवाज कसा होता ते आता सांगता यायचं नाही; पण त्यांच्या माश्या मात्र बागेत तशाच गुणगुणत होत्या.

त्या संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर तिघांची बैठक बसली.

"मला पेटीत ओव्याचा वास आला. खूप!" हुंगी म्हणाली.

"ते औषध असतं ना?" ताई म्हणाली. "माश्यांच्या अंगाला गोचिडीसारखी बारीक कीड चिकटते. ती मरावी म्हणून मावशी दरवर्षी ओव्याच्या तेलातले खडे ठेवते. त्यात नवीन काय?"

"नवीन मी सांगतो!" भोंगा सरसावला. "साबणवाल्या काकू! काल मी त्यांच्या शेडवरून आलो. खिडकीवर माश्याच माश्या! आपल्याच असणार. मामा म्हणतो ना, फूस लावून नेतंय कुणीतरी!"

काकूंचं नाव निघालं तशी हुंगी चपापली. काकू पलीकडच्या गल्लीत राहायच्या. एकेकाळी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मग ती नोकरी सोडून पत्र्याच्या शेडमध्ये साबण करू लागल्या. कुणाशी फारसं बोलत नसत. मुलांच्या मते एवढं पुरेसं होतं.

"उद्या छापा घालायचा," ताईने निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं वाकून वाकून काकूंच्या शेडपाशी पोचली. दार अर्धवट उघडं होतं. आत मोठं तांब्याचं भांडं चुलीवर चढवलेलं. भांड्यात हिरव्या पात्यांच्या पेंढ्या कोंबलेल्या. भांड्याच्या झाकणातून निघालेली नळी गार पाण्याच्या पिंपातून वेटोळे घेत बाहेर येत होती आणि तिच्या तोंडातून एका बाटलीत थेंब थेंब पडत होते. बाटलीत पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर तरंगत होता. आणि नळीच्या तोंडाभोवती, बाटलीवर, काकूंच्या खांद्यावरसुद्धा मधमाश्या फिरत होत्या!

"पकडलं!" भोंगा गरजला.

काकूंच्या हातातलं फडकं खाली पडलं. "काय पकडलंस? सर्दी? दारामागे उभं राहून ओरडायला काय झालं? आत ये की!"

तिघं ओशाळून आत शिरली. ताईने धीर करून सगळं सांगून टाकलं. काकू रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. पुष्कळ वर्षांनी समोर वर्ग भरल्यासारखा.

"बसा. त्या पोत्यावर. हुंगी, काय उकळतंय सांग बघू."

"गवती चहा!"

"बरोबर. आता मला सांगा, झाडाला पाय नसतात. शत्रू आला तर ते पळणार कसं? कुणाला बोलवायचं असलं तर जाणार कसं?"

"वासाने!" हुंगी म्हणाली.

"शाब्बास! पानांत, फुलांत, बियांत झाडं बारीक बारीक तेलाचे साठे करून ठेवतात. कुठलं तेल किड्याला हाकलतं, कुठलं बुरशीला मारतं, कुठलं पाहुण्याला बोलावतं. आपल्याला तो नुसता वास. किड्यामुंग्यांना मात्र तो सरळसरळ निरोप असतो."

"मग गवती चहाचा निरोप काय?" भोंग्याने विचारलं.

"मोठी गंमत आहे ती. मधमाश्याही आपसांत वासाने बोलतात. चांगलं घर सापडलं की कामकरी माशी दाराशी उभी राहते, शेपूट वर करते, पंख फडफडवते आणि एक वास सोडते. 'या गं, सगळ्याजणी इकडे या!' त्या वासात जे असतं, त्यातलं बरंचसं गवती चहाच्या तेलातही सापडतं. म्हणून मी भट्टी लावली की या चार-दोघी फसून येतात, बघतात आणि परत जातात. आणखी एक सांगते. 'धोका! चावा!' असाही वास असतो माश्यांचा. तो पिकल्या केळ्यासारखा येतो. पेटीजवळ केळं खाऊ नका कधी!"

भोंग्याने हळूच खिशावर हात ठेवला. खिसा झाडावर राहिलाय हे त्याला तेव्हा आठवलं.

"म्हणजे तुम्ही नाही बोलावलं आमच्या माश्यांना," ताई म्हणाली.

"बोलावणं वेगळं आणि हाकलणं वेगळं. एक मोहोळ भरलं घर टाकून जातं, म्हणजे कुणीतरी त्याला आतून हाकलतंय. पेटीत कसला वास होता म्हणालात?"

"ओव्याचा!" हुंगी उभीच राहिली. "एवढा, की माझं नाक झोंबलं!"

काकूंच्या कपाळाला आठी पडली. "ओव्याच्या तेलातला तो खडा, थायमॉल म्हणतात त्याला. बेताचा असला तर कीड मरते आणि माशी तगते. पण जास्त झाला, त्यात दुपारचं ऊन, त्यात झाकण घट्ट... मग वाफ कोंडते. माशीच काय, आपणसुद्धा तिथे थांबणार नाही. लोकांना वाटतं, झाडातून आलेलं म्हणजे निरुपद्रवी. अरे, झाडाने ते बनवलंय मुळी कुणाला तरी पळवून लावायला!"

निघताना त्यांनी ताईच्या हातात तेलाची एक इवलीशी बाटली ठेवली. "रिकाम्या पेटीच्या दाराशी लावून बघा, एखादं भटकं मोहोळ आलं तर आलं. पण दोन थेंब. जास्त लावलंत तर बोलावणंही आरडाओरडा होतो."

काकूंचं सगळं सांगून होईपर्यंत ऊन चढलं होतं. मुलं परतली, ती थेट बागेच्या कुंपणाआडच लपली. फार वेळ थांबावं लागलं नाही. डोक्याला जाळीची टोपी, एका हातात बरणी आणि दुसऱ्या हातात आमटी वाढायचा डाव अशा थाटात मामा शीळ घालत आला. विहिरीजवळच्या बाबांच्या पेटीपाशी थांबला. पेटीच्या तोंडाशी सकाळपासूनच, आत राहवेना म्हणून बाहेर आलेल्या माश्यांचा घोस दाढीसारखा लोंबत होता. मामाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही! झाकण उचललं, डाव भरून पांढरे खडे आत टाकले, थोडा विचार केला आणि आणखी अर्धा डाव टाकला. मग झाकण दाबून बसवलं आणि फटीत चिंध्या कोंबल्या.

"हं! वास वाया जायला नको!" तो स्वतःशीच म्हणाला.

"मामा!" तिघं एकदम कुंपणातून बाहेर पडली. "काय करतोयस हे? मावशी एवढं घालत नाही!"

"आणि ती दिवस मावळल्यावर घालते!" हुंगी म्हणाली. "दुपारी नाही!"

"मावळल्यावर आमचा पत्त्यांचा डाव असतो," मामा शांतपणे म्हणाला. "आणि औषध जास्त झाल्याने कधी कुणाचं वाईट झालंय? बोटीवर एकच नियम: वंगण जास्त, कटकट कमी! शिवाय हे काही विष नाही. ओवाच आहे. तुम्ही जन्मायच्या आधीपासून मी हे बघतोय. आमचे बाबा मूठभर टाकायचे, मूठभर!"

मामाला समजावणं म्हणजे भिंतीला धडका देणं. ताईने आवाज एकदम मऊ केला.

"बरं, राहू दे. मामा, लिंबाखालच्या पेटीत राणीमाशी अडकलीय का, बघशील? आम्हाला काही दिसत नाही. तुला कसा दुर्बिणीशिवाय किनारा दिसायचा, तशी नजर कुठे आहे आमची?"

मामाची मिशी फुलली. "सरका बाजूला!"

त्याने लिंबाखालच्या बंद पेटीचं झाकण उचललं, जाळी वर सारली आणि चांगलं नाक खुपसून आत पाहिलं. उन्हाने पेटी भट्टीसारखी तापलेली. पुढच्याच क्षणी मामा चार पावलं मागे उडाला.

"मेलो! अरे देवा, डोळे!... खॉ... खॉ!... पाणी आणा!"

भोंगा बादली घेऊन धावला. डोळ्यांवर पाणी मारून मामा खाली बसला, तेव्हा त्याच्या मिशीतून थेंब गळत होते.

ताईला वाईट वाटलं, तरी ती बोललीच. "मामा, तुला एक श्वास सोसला नाही. त्या तर आत राहत होत्या. पिल्लांसकट."

एवढा मोठा माणूस बघता बघता लहान दिसू लागला.

"पण बाबा मूठभर टाकायचे," तो हळूच म्हणाला. "मी पाहिलंय गं."

हुंगी धावत जाऊन बाबांच्या पेटीच्या चिंध्या उपटू लागली. पण उशीर झाला होता. पेटीतून आधी एक घरघर आली, मग ती वाढत वाढत गर्जना झाली आणि दारातून माश्या उकळत्या दुधासारख्या उतू जाऊ लागल्या. डोक्यावर तपकिरी ढग फिरला, विहिरीवर घोटाळला आणि भिंतीवरून पलीकडे निघाला.

"बाबांचं मोहोळ चाललं!" हुंगी किंचाळली.

"भोंग्या, मागे धाव!" ताई ओरडली. "कुठे बसतात बघ आणि तिथून हाक दे!"

भोंगा भिंतीवरून उडी मारून दिसेनासा झाला. ताई आणि हुंगी सामानाच्या खोलीत घुसल्या. तिथे जुन्या पेट्यांची चळत होती. हुंगी एकेका पेटीत नाक घालू लागली.

"ही नको, ओवा. हीपण नको. हिच्यात उंदीर राहून गेलाय... ही! ही बघ, ताई! नुसता जुन्या मेणाचा वास आहे!"

तेवढ्यात लांबून हाक आली. आजवर ज्या आवाजाने भोंग्याला शाळेत कितीदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, तो आवाज त्या दिवशी दोन गल्ल्या ओलांडून आला.

"गो-दा-मा-पा-शी! लॉ-री-व-र!"

दोघींनी जाळीच्या टोप्या चढवल्या, भोंग्यासाठी एक घेतली, पेटी दोन्ही बाजूंनी धरली आणि पळत सुटल्या.

गोदामासमोर पोत्यांनी भरलेली एक लॉरी उभी होती. मागच्या फळीखाली माश्यांचा हा एवढा घड लटकला होता, मोठ्या कलिंगडाएवढा. लॉरीवाला एका हाताने केळं खात होता आणि दुसऱ्या हाताने काठीला चिंध्या गुंडाळत होता.

"सरका, पोरांनो! मला माल पोचवायचाय. पलिता लावतो, दोन मिनिटांत सगळ्या जळून जातील!"

"काका, नका!" हुंगी रडकुंडीला आली. "आमच्या आजोबांच्या आहेत त्या!"

"आजोबांनी सांभाळायच्या मग!"

ताईने पटकन इकडे तिकडे पाहिलं. "काका, पलिता लावाल, पण डिझेलची टाकी त्याच बाजूला आहे. आणि केळं का खाताय? माश्यांच्या भाषेत केळ्याचा वास म्हणजे 'चावा'!"

"हात् तुझ्या! थापा मारतेस?"

तेवढ्यात घडातली एक माशी सुटली आणि त्याच्या कानाशी गुंगुं करू लागली. मग दुसरी.

"हाताला वास लागलाय, काका!" भोंगा त्याच्या कानाजवळ गरजला. "मिशीलापण! साबणाने धुवा! दोनदा!"

लॉरीवाल्याने केळं भिरकावलं, काठी टाकली आणि तो गोदामातल्या नळाकडे धूम पळाला.

"चला!" ताई म्हणाली.

त्यांनी एक रिकामं पिंप लोटत आणलं, त्यावर पेटी ठेवली, तोंड घडाकडे केलं. ताईने बाटलीचं बूच काढलं. लिंबासारखा, पावसाळी गवतासारखा वास दरवळला.

"ओत सगळी बाटली!" भोंगा कुजबुजला. म्हणजे त्याच्या मानाने कुजबुजला.

"मामासारखं करू नकोस! दोन थेंब."

एक थेंब दाराच्या उंबऱ्यावर, एक आतल्या चौकटीवर. मग तिघं मागे सरून उभी राहिली. काहीच झालं नाही. घड तसाच. ऊन उतरू लागलं. गोदामाच्या खिडकीतून लॉरीवाला ओरडला, "झालं का गं पोरी?" हुंगीने ताईचा हात इतका घट्ट धरला होता, की बोटं पांढरी पडली.

मग एक माशी आली. उंबऱ्यावर उतरली, आत गेली, बाहेर आली. उडून गेली. परत आली ती आणखी काहीजणींना घेऊन. आणि त्यांतली एक दाराशी वळली, डोकं खाली घातलं, शेपूट वर केली आणि पंख फडफडवू लागली.

"बोलावतेय!" हुंगी कुजबुजली. "ताई, ती बोलावतेय त्यांना!"

दुसरी तशीच उभी राहिली, मग उंबरा भरून ओळ उभी राहिली. वरचा घड सैल झाला, हलला, आणि माश्या फळीवरून पिंपावर, पिंपावरून पेटीत अशा निघाल्या, जशी शाळा सुटल्यावर पोरं घराकडे निघतात.

त्याच वेळी गल्लीतून खडखड आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मामा बागेतली हातगाडी ढकलत धावत येत होता आणि गाडीत प्लॅस्टरचा पाय पुढे करून, दोन्ही हातांनी कडा धरून मावशी बसली होती!

"हळू, दादा! पाडशील मला!"

"लहानपणी कधी पाडलं का?"

"दोनदा!"

पेटीपाशी गाडी थांबली. मावशीने एकदम बोट केलं.

"ती बघा! लांबट, तांबूस. राणी! गेली... आत गेली! आता सगळ्या जातील. पोरांनो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तिघांनी एकदम, एकमेकांचं तोडत, सगळं सांगितलं. साबणवाल्या काकू, गवती चहा, केळं, ओवा. ओव्यापाशी येऊन मात्र ती अडखळली आणि मामाकडे बघू लागली.

"सांगा की," मामा म्हणाला. "मीच सांगतो. तुझ्या माश्या मी हाकलल्या. चोर म्हणून ओरडत होतो आणि चोर मीच. डाव भरभरून टाकला, भर दुपारी टाकला आणि वर चिंध्या कोंबल्या. बाबा मूठभर टाकायचे, तेवढं डोळ्यांपुढे होतं."

मावशी रागावेल असं मुलांना वाटलं. तिने भावाचा हात धरला.

"टाकायचे, दादा. पण कधी? आठव. आपण अंगणात शेकोटीला बसायचो तेव्हा. कडाक्याच्या थंडीत. आणि झाकणाखाली काडी ठेवून फट सोडायचे. तुला मूठ आठवली, थंडी विसरलास."

"मी फार लवकर घर सोडलं गं," मामा म्हणाला. "अर्धंच आठवतं मला सगळं."

"उरलेलं माझ्याकडे आहे. रोज थोडं विचारत जा."

लॉरीवाला ओले हात झटकत बाहेर आला. रिकामी फळी पाहून त्याने तोंडात बोट घातलं. "एक माशी चावली नाही? या पोरांना माझ्या मालकाकडे पाठवा, तो माझ्यापेक्षा जास्त चावतो!" जाताना त्याने तिघांना सलाम ठोकला आणि लॉरी सुरू करताना हॉर्न मात्र वाजवला नाही.

अंधार पडता पडता, माश्या आत स्थिरावल्यावर, पेटी हातगाडीतून घरी आली. या वेळी गाडीत मावशी नव्हती. ती मामाच्या खांद्याचा आधार घेऊन, एका पायावर उड्या मारत, हसत हसत आली. वाटेत हाक मारून बोलावलेल्या काकूही सोबत होत्या, आणि जेवायला बसेपर्यंत त्यांचं थायमॉलवरचं व्याख्यान संपलं नव्हतं.

सकाळी तिघं उठली ती मावशीच्या हाकेने.

"विहिरीपाशी जा रे कुणीतरी! येणाऱ्या माश्यांचे पाय बघा. पिवळं काही दिसतं का?"

तिघं अनवाणीच धावली. नव्या पेटीच्या उंबऱ्यावर कोवळं ऊन पडलं होतं. एकेक माशी उतरत होती, आणि तिच्या मागच्या पायांवर परागाच्या इवल्या पिवळ्या गोळ्या चिकटलेल्या होत्या.

"दिसतंय!" भोंगा ओरडला. "सगळ्यांच्या पायांना आहे!"

"मग राहिल्या त्या," मावशी व्हरांड्यातून म्हणाली. "जिथे राहायचं असतं तिथेच पोरांसाठी डबा आणतात." "आणि मीही कुणाला काही देत नाही. बाबा असते ना, तर तुम्हा तिघांना खांद्यावर घेऊन गावभर फिरले असते."

मामा तेव्हा लिंबाखालची पेटी उघडून, चौकटी एकेक करून सावलीत वाऱ्याला लावत होता. हुंगीने एक चौकट नाकाशी धरली.

"अजून नाही, मामा. उद्या बघू."

"बरं, मास्तरीणबाई," मामा म्हणाला आणि पुढची चौकट काढायला वाकला.